रोजच्या वापराला जुनी टोयोटा ८६ घेऊ की जुनी मियाटा?

शनिवारचा_ड्रायव्हर (एडिसन, न्यू जर्सी)

मंडळी नमस्कार. बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज लिहितोय कारण डोकं चालेनासं झालंय. माझी आत्ताची गाडी १,७८,००० मैल पळून निवृत्तीला आलीये आणि चाळिशीला अजून चौदा महिने आहेत, तर त्याच्या आत एकदा तरी धड स्पोर्ट्स कार चालवायची असं ठरवलंय. शोपीस नकोय, वीकेंडची गाडी परवडत नाही, हीच रोज ऑफिसला न्यायची आहे. आठवड्यातून तीन दिवस एडिसन ते ब्रिजवॉटर, म्हणजे २८७ हायवेवरून एका बाजूला साधारण २० मैल, आणि सकाळी २८७ वर काय असतं ते इथल्यांना सांगायला नको.

दोन गाड्या बघून ठेवल्यात, दोन्ही मॅन्युअल.

पहिली २०१७ ची टोयोटा ८६, निळी, ५८,००० मैल, एकच मालक, पार्सिपनीच्या बाजूला राहतात, साठीचे गृहस्थ आहेत, सर्व्हिसिंगच्या बिलांची फाइल ठेवलीये त्यांनी, काही म्हणजे काही बदललेलं नाही गाडीत. १७,८०० म्हणतायत.

दुसरी २०१९ ची माझ्दा मियाटा क्लब, कापडी टपाची, लाल, ३९,००० मैल, डीलरकडे आहे, २०,९००. जाहिरातीत १८१ हॉर्सपॉवर लिहिलंय. ही मी चालवून बघितली आणि तेव्हापासून झोप उडालीये.

बायकोकडे आरएव्ही४ आहे त्यामुळे कॉस्टकोच्या फेऱ्या, एअरपोर्ट वगैरे सगळं तिच्यात होतं. पण तीन गोष्टी डोक्यात घोळतायत. एक बर्फ, कारण दोन्ही मागच्या चाकांवर चालणाऱ्या. दुसरं मे महिन्यात सांगलीहून आई-बाबा येतायत सहा महिन्यांसाठी, आईचे गुडघे दुखतात आणि दोन्ही गाड्या जमिनीला टेकलेल्या. आणि तिसरं हसू नका, मी ढोल पथकात आहे, जुलैपासून दर रविवारी प्रॅक्टिस असते आणि ढोल माझ्या घरी असतो.

बजेट २१ हजार, ताणून. सांगा काय करू.

टर्बोतात्या (नोवाय, मिशिगन)

अरे वा, कुणीतरी मॅन्युअल शोधतंय अजून, बरं वाटलं. गाड्यांच्या पार्टच्या धंद्यात तीस वर्षं काढली त्यामुळे जरा लांबण लावतो, चहा घेऊन बस.

८६ म्हणजे टोयोटा आणि सुबारूने मिळून केलेली गाडी, सुबारूच्या जपानमधल्या कारखान्यात बनते, म्हणून हीच गाडी सुबारू बीआरझेड नावाने पण मिळते आणि २०१६ पर्यंत इथे सायन एफआर-एस म्हणून विकली जायची. टोयोटाने तो सायन ब्रँड बंद केला तेव्हा नाव बदलून ८६ झालं. इंजिन सुबारूचं बॉक्सर, म्हणजे सिलिंडर आडवे, दोन इकडे दोन तिकडे, त्याने सगळं वजन खाली बसतं आणि वळणावर गाडी जमिनीला चिकटल्यासारखी जाते. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ८६ मिलिमीटर आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, तीही ८६ मिलिमीटर, आता हे मुद्दाम केलं की जमून आलं यावर आमच्या लंच टेबलवर दोन तास भांडण झालंय, ते असो.

तू बघितलेलं २०१७ हे चांगलं वर्ष आहे. मॅन्युअलला २०० चे २०५ हॉर्सपॉवर झाले, फायनल ड्राइव्ह, म्हणजे मागच्या एक्सलमधल्या गिअरचं प्रमाण, ४.१ चा ४.३ केला त्यामुळे खालच्या गिअरला जरा चपळ. मुख्य म्हणजे २०१८ च्या शेवटी व्हॉल्व्ह स्प्रिंगचा जो मोठा रिकॉल निघाला, म्हणजे कंपनीने गाड्या दुरुस्तीला परत बोलावल्या, तो सुरुवातीच्या, २०१३ मॉडेलच्या गाड्यांचा होता. त्या कामासाठी इंजिन खाली काढून उघडावं लागतं, आणि मग ते कुणी किती नीट परत बांधलं यावर सगळं अवलंबून. ती भानगड तुझ्या गाडीला नाही.

आता वाईट बाजू. साधारण ३५०० ते ४५०० आरपीएमच्या मधे या इंजिनाचा टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर, खाली बसतो, म्हणजे तू पाय दाबतोस आणि गाडी म्हणते थांब जरा, आणि नेमकं २८७ वर मर्ज होताना तू तिथेच असणार. म्हणून एक गिअर खाली टाकून ५००० च्या वर न्यायची सवय लावावी लागते. काहींना यातच मजा येते, काहींना दर सकाळी कटकट होते. मियाटाचं दोन लिटरचं इंजिन कागदावर कमी ताकदीचं पण वजन बघ, मियाटा साधारण १०६० किलो आणि ८६ साडेबाराशेच्या आसपास, एवढा फरक म्हणजे गाडीत कायम दोन-तीन माणसं बसवून हिंडण्यासारखं आहे.

पेट्रोलचं पण बघ. ८६ ला प्रीमियमच लागतं. मियाटाला प्रीमियम सुचवलंय पण साध्यावरही ती कुरकुर न करता चालते. आणि ॲव्हरेज मियाटाचं सरळ सरळ जास्त, हायवेला ३४ च्या आसपास, ८६ चं २८. रोज ४० मैल म्हटल्यावर वर्षाला बरा फरक पडतो.

अजून एक. जाहिरातीतले १८१ हॉर्सपॉवर. मियाटाचे १५५ चे १८१ झाले ते २०१९ मॉडेलपासून, इंजिन आतून बऱ्यापैकी बदललं, रेडलाइन, म्हणजे आरपीएमची वरची मर्यादा, ६८०० ची ७५०० झाली. पण मॉडेल इयर आणि रजिस्ट्रेशनचं वर्ष वेगळं असू शकतं हे डीलर सोयीने विसरतात. व्हिन नंबरचं, म्हणजे गाडीच्या ओळख क्रमांकाचं, दहावं अक्षर बघ. के असेल तर २०१९, जे असेल तर २०१८. हे आधी बघ आणि मग पुढचं बोलू.

खड्डेमास्तर (जर्सी सिटी)

तात्यांनी सगळं सांगितलंच. मी गेली साडेतीन वर्षं बीआरझेड रोज चालवतोय तर हिवाळ्याचं मी सांगतो.

मागच्या चाकांची गाडी बर्फात चालत नाही हे लोक सांगतात ते टायरमुळे. दोन्ही गाड्यांवर बरेचदा समर टायर असतात आणि साधारण ७ डिग्री सेल्सियसच्या खाली ते रबर लाकडासारखं होतं, बर्फ पडायचीही गरज नाही, नोव्हेंबरातली गार सकाळ पुरते. पहिल्या वर्षी मी ऑल-सीझनवर भागवू म्हणालो आणि आमच्याच पार्किंगच्या उतारावरून गाडी आडवी होऊन हळूहळू, अगदी शांतपणे, कर्बला जाऊन टेकली. ताशी पाच मैल असेल. मी ब्रेक दाबून बसलेलो आणि शेजारचे आजोबा हातात फावडं घेऊन बघतायत. रिम वाकली आणि अब्रू गेली. दुसऱ्या दिवशी चार विंटर टायर मागवले, चार म्हणजे चार, दोनच घालून भागवू नकोस. तेव्हापासून काही त्रास नाही, फक्त सहा इंचाच्या वर बर्फ असेल तर गाडी बाहेर काढत नाही कारण मग ती गाडी राहत नाही, बर्फ ढकलायचा नांगर होते.

खड्डे हा खरा शत्रू आहे. मार्चमधे रूट १ वरून जाऊन दाखव मग बोल. ८६ चे टायर २१५/४५ आर१७, साइडवॉल, म्हणजे टायरची उभी बाजू, अगदीच बुटकी नाही पण सस्पेन्शन कडक आहे, प्रत्येक जोड मणक्यात कळतो. मियाटा उलट जरा मऊ आहे, वळणावर झुकते, खड्ड्यावर त्यातल्या त्यात माणुसकीने वागवते.

आणि हे नीट वाच, न्यू जर्सीत पॅसेंजर गाडीच्या इन्स्पेक्शनमधे २०१० पासून फक्त धूर तपासतात. ब्रेक, सस्पेन्शन, स्टेअरिंग काही बघत नाहीत. म्हणजे काचेवरचा स्टिकर बघून गाडी धडधाकट आहे असं समजू नकोस. स्वतःच्या मेकॅनिककडून लिफ्टवर चढवून बघून घे, दीड-दोनशे डॉलर जातील, जाऊ देत.

बजेटचा हिशोब पण चुकलाय तुझा. २०,९०० वर ६.६२५ टक्के सेल्स टॅक्स लाव, २२,२८५ झाले, वर डीलरची डॉक फी, म्हणजे कागदपत्रांचा आकार. २१ हजारात मियाटा बसतच नाही. ८६ टॅक्स धरून १९ हजारांच्या आत येते, उरलेल्यात विंटर टायर आणि पहिल्या वर्षाचा इन्शुरन्स. इन्शुरन्सचं कोटेशन दोन्ही व्हिन नंबर देऊन आजच माग, मला गाडी घेतल्यावर कळलं आणि मी जिन्यात बसून राहिलो होतो.

सानिका_फ्रीमाँट (कॅलिफोर्निया)

मियाटावाल्यांच्या बाजूने कुणीतरी बोलायलाच हवं. माझी २०१७ ची आहे, कापडी टपाचीच, चार वर्षं झाली, रोज ८८० हायवेवरून ऑफिस.

आधी तक्रारी सांगते म्हणजे नंतर म्हणू नकोस. डॅशबोर्डला ग्लोव्ह बॉक्स नाही. नाहीच. कागदपत्रं ठेवायची तर दोन सीटच्या मधे मागे एक कप्पा आहे, त्यासाठी हात पिरगाळावा लागतो. कप होल्डर कोपराजवळ अडकवायचे, चहाचा थर्मास तिथे ठेवला की गिअर टाकताना धक्का लागतो, माझ्या दोन कुर्त्यांवर त्याचे पुरावे आहेत. डिकी १३० लिटर, त्यात दोन केबिन बॅगा बसतात पण मऊ हव्यात. टप बंद असतानाही हायवेला आवाज एवढा की कॉलवर समोरचा विचारतो तू विमानात आहेस का. आणि ट्रकच्या शेजारून जाताना त्याच्या चाकाचे नट तुझ्या कानाच्या लेव्हलला असतात, पहिले दोन महिने मला भीती वाटायची, मग सवय होते, पण पूर्ण जात नाही.

२०१८ पर्यंतच्या मियाटात स्टेअरिंग फक्त वर-खाली होतं, पुढे-मागे होत नाही. तू सहा फुटाच्या जवळ असशील तर नीट बसून बघ. २०१९ ला ते पुढे-मागे व्हायला लागलं. म्हणजे तात्यांच्या व्हिनशिवाय हीही एक खूण आहे, स्टेअरिंग ओढून बघ, आलं तर २०१९.

आता ऐक. संध्याकाळी साडेपाचला गाड्या मुंगीसारख्या सरकत असतात आणि एका हाताने लॅच सोडून बसल्या जागेवरून टप मागे टाकायला मला पाच सेकंद लागतात, आणि मग तोच ट्रॅफिक जाम वेगळा होतो. ऊन असतं, कुठल्यातरी बेकरीचा वास येतो, शेजारच्या गाडीतलं पोरगं हात करतं. तुमची ८६ मजा द्यायला ५००० आरपीएम मागते, माझी ताशी तीस मैलाला सिग्नलवरून उजवीकडे वळताना पण देते. रोजच्या वापराला म्हणतोस ना, मग रोज तुला ताशी तीस मैलच मिळणार आहेत, घाट मिळणार नाहीये.

आणि आईचं. माझी आई नाशिकहून आली तेव्हा हाच प्रश्न होता. टप उघडा ठेवला तर बसणं उलट सोपं होतं कारण डोकं वाकवावं लागत नाही. पाठ करून उभं राहायचं, आधी बूड टेकवायचं, मग दोन्ही पाय एकदम आत घ्यायचे, मी हात द्यायचे. उठताना त्रास होतो ते खरं. पण डोक्याला ओढणी गुंडाळून ती अशी बसली की मावशांना पाठवायला मला एकोणीस फोटो काढायला लावले.

पुण्याचा_स्पीडब्रेकर (कोथरूड)

तुमचं चालू द्या. इथे माझ्दा विकतच नाहीत आणि टोयोटाने ८६ कधी आणलीच नाही, आणली असती तरी आमच्या सोसायटीच्या गेटवरचा स्पीडब्रेकर सोसायटीचे सेक्रेटरी स्वतः उभं राहून घालून घेतात, त्यावरून रिक्षा पण कण्हत जाते. मी नुसता वाचून समाधान मानतोय.

पण एक बोलतो, ढोल कसा नेणार ते कुणीच सांगितलं नाही.

मधला_गिअर (डॅलस)

दोन्ही सोड, होंडा सिव्हिक एसआय घे. २०१७ ते २०२० मधली चार दारांची, २०५ हॉर्सपॉवर टर्बो, मॅन्युअलच येते, डिकीत ढोल काय ताशा पण बसेल, आई मागे आरामात, पुढची चाकं ओढतात त्यामुळे बर्फाला पण बरी. कशाला जिवाला त्रास.

शनिवारचा_ड्रायव्हर

मधला_गिअर, तुमचं शंभर टक्के बरोबर आहे आणि म्हणूनच घेणार नाही. गेली बारा वर्षं बरोबर असलेली गाडी चालवतोय.

सानिका, तुझं वाचून परत घोळ झाला. बायकोला वाचून दाखवलं, ती म्हणाली ही कोण बाई आहे, हिला सांग हप्ते भर.

खड्डेमास्तर

ढोलाचं सांगतो. आमच्या पथकातला एकजण मियाटातून आणायचा. टप उघडायचा, ढोल शेजारच्या सीटवर उभा, सीटबेल्ट लावलेला, कारण बेल्ट नाही लावला तर सीटच्या सेन्सरला माणूस बसलाय असं वाटतं आणि गाडी बोंबलत राहते. टर्नपाइकवर लोक मान वळवून बघायचे. एकदा वाटेत पाऊस आला, ढोलासकट टप लागेना, मग याने स्वतःचं जॅकेट काढून ढोलाला घातलं आणि हा भिजत आला. पान ओलं झालं असतं तर त्या दिवशी वाजलंच नसतं, ते बरोबर केलं त्याने, पण आठवडाभर तापाने झोपून होता.

८६ ची मागची सीट पूर्ण आडवी पडते, टायर न्यायला लोक तेच करतात, चार टायर आत बसतात. पण डिकीचं तोंड लहान आहे, हॅचबॅक नाहीये ती, ढोल आत आडवा होईल का ते मोजून बघ. माझा ढोल २४ इंची आहे, नाही गेला. शेजारच्या सीटवरच बसतो.

आरती_के (पिस्कॅटवे)

तीन पानं झाली आणि कुणी हे म्हणेना म्हणून मी म्हणते. रविवारी ढोल न्यायचा असेल तर घरची आरएव्ही४ न्या आणि तुमची स्पोर्ट्स कार बायकोला द्या चालवायला. तिलाही चाळिशी येतेच आहे.

शनिवारचा_ड्रायव्हर

आरतीताई, हे बायकोने वाचलं. आता तिला मॅन्युअल शिकायचीये. धन्यवाद, म्हणजे काय बोलू.

बातमी अशी की काल ऑफिस सुटल्यावर डीलरकडे गेलो. काचेच्या खालच्या कोपऱ्यातून व्हिन वाचला. दहावं अक्षर जे. स्टेअरिंग ओढलं, वर-खाली झालं, पुढे-मागे हललं नाही. रेडलाइन ६८०० वर. सेल्समनला दाखवलं तर आधी म्हणाला सिस्टिममधे २०१९ दिसतंय, मग म्हणाला पहिलं रजिस्ट्रेशन २०१९ चं आहे, मग आत जाऊन आला आणि म्हणाला दोनशे डॉलर कमी करतो. दोनशे! एवढ्यात मला राग पण नीट येईना.

तात्या, १५५ वाली असली तरी गाडी तीच ना, मला चालवताना कमी वाटली नव्हती. घासाघीस करून १८ पर्यंत आणली तर घ्यावी का?

टर्बोतात्या

गाडी वाईट नाही रे. १५५ मधे पण मजा आहे, सानिकाची तीच आहे आणि ती बघ कशी बोलतेय. पण आता प्रश्न गाडीचा राहिलेला नाही. जो माणूस वर्ष चुकीचं लिहितो त्याने बाकी काय लिहिलं नाही हा प्रश्न आहे.

एनडी मियाटाच्या, म्हणजे या आत्ताच्या पिढीच्या, सुरुवातीच्या वर्षांत, २०१६-१७ ला विशेष करून, गिअरबॉक्स गेल्याच्या बऱ्याच तक्रारी आल्या आणि माझ्दाने आतले भाग पुढे बदलत नेले. २०१८ ची त्या मानाने सुधारलेली असायला हवी, पण मागचा मालक कसा होता ते तुला माहीत नाही, सर्व्हिसिंगचं एक बिल नाही. घ्यायचीच असेल तर गार इंजिनावर चालव, गरम झालेली हातात दिली तर परत ये. दुसऱ्या-तिसऱ्यात सावकाश टाक, कुरकुर ऐक. टप बंद करून कडेच्या नाल्यांमधे पाणी ओत, ते मागच्या चाकाजवळून खाली यायला हवं, आत सीटमागे आलं तर पानं-माती अडकलीये आणि आतला कार्पेट कधीचा कुजत असेल. स्कॅनर लाव, बिघाडाचे कोड नाहीत एवढ्यावर खूश होऊ नकोस, रेडिनेस मॉनिटर, म्हणजे गाडीच्या स्वतःच्या तपासण्या, पूर्ण आहेत का बघ, नाहीतर काल रात्रीच कुणीतरी कोड पुसलेत असं समज. डीलरकडून घेतोस तर तुमच्या राज्यात जुन्या गाडीचा लेमन लॉ, म्हणजे सदोष गाडीपासून गिऱ्हाइकाला वाचवणारा कायदा, आहे, गाडी सात मॉडेल वर्षांपेक्षा जुनी नसेल तर २४ ते ६० हजार मैलांच्या गाडीला ६० दिवस किंवा २००० मैलांची वॉरंटी द्यावी लागते, तेवढा एक आधार. खाजगी मालकाकडून घेतली तर तो नाही, तिथे तुझे डोळे आणि मेकॅनिक.

८६ ला काय बघायचं ते पण सांगतो. क्लच दाबला-सोडला की चिरचिर येते का, रिलीज बेअरिंग वाजणं या गाड्यांत नेहमीचं आहे, चालवता येते पण क्लच बदलताना तेही बदल. इंजिनाच्या पुढच्या बाजूला तेलाची ओल. मागच्या दिव्यांत वाफ धरते ती दिसायला वाईट, बाकी काही नाही. बंद असताना इंजिनातून रातकिड्यासारखा टिकटिक आवाज चालू होतो तो हाय-प्रेशर फ्युएल पंपाचा आहे, घाबरू नकोस. अरे, बंद नव्हे, आयडलिंगला म्हणायचं होतं, बंद असताना आला तर मात्र घाबर. आणि ६०,००० मैलांना स्पार्क प्लग बदलायचे असतात, बॉक्सरमधे ते दोन्ही बाजूंना चॅसिसच्या तोंडावर येतात, हात जात नाही, मजुरी जास्त लागते. ५८ वर आहे म्हणजे ते काम तुझ्या गळ्यात. त्याचे पैसे भावातून काप.

साठीचा माणूस, बिलांची फाइल, काही बदललेलं नाही. या गाड्या बहुतेक पंचविशीतल्या पोरांच्या हातात असतात, खाली केलेल्या, सायलेन्सर काढलेल्या, ट्यून मारलेल्या. असा मालक मिळणं म्हणजे लग्नाच्या बाजारात आत्याच्या ओळखीतलं स्थळ आहे.

सानिका_फ्रीमाँट

तात्या, आत्याच्या ओळखीतली स्थळं मी बघितलीयेत. पण बिलं नाहीत आणि वर्ष खोटं, त्या मियाटाला मी पण नाहीच म्हणेन. दुसरी शोध, मिळेल, घाई काय आहे.

शनिवारचा_ड्रायव्हर

घाई मे महिन्याची आहे.

शनिवारी ८६ मेकॅनिककडे नेली. गाडीचे मालक काका स्वतः बरोबर आले, लिफ्टखाली उभं राहून मेकॅनिकच्या आधी तेच सांगत होते इथे काय केलं, तिथे काय बदललं. मागचे ब्रेक पॅड संपत आलेत. रिलीज बेअरिंग चिरचिरतं, तात्या, अगदी तुम्ही लिहिलं तसंच, मला उगीच आनंद झाला. टायरवरचे शेवटचे चार आकडे ०८१७, म्हणजे कंपनीतून आलेलेच टायर अजून, नक्षी आहे पण रबराला बारीक चिरा पडल्यात. तेलाची ओल नाही, गंज नाही, रिकॉल सरकारच्या साइटवर व्हिन टाकून बघितले, बाकी काही नाही. सगळ्याचा कागद काकांच्या हातात दिला, त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला आणि म्हणाले १६,६००, आणि टायर मला ठाऊक होते, मीच सांगायला हवं होतं.

रविवारी पैसे दिले.

टॉर्कचा खड्डा आहे, आहेच. काल २८७ वर मर्ज होताना तिसऱ्यात ठेवली, ५००० च्या वर गेली आणि त्यानंतर मी एक्झिट चुकलो. सत्तर मैलाला सहाव्या गिअरमधे आरपीएम ३००० च्या वर असतं त्यामुळे गाण्यापेक्षा इंजिनच ऐकू येतं. सिग्नलला उभं असताना वर बघतो आणि टप असतं, तेव्हा सानिकाची आठवण येते, नाही म्हणत नाही.

ढोल डिकीतून गेला नाही. शेजारच्या सीटवर बसला, बेल्ट लावून. बायको मागच्या सीटवर बसून बघायला गेली तर तिचे गुडघे हनुवटीला लागले, त्यामुळे आई-बाबांसाठी आरएव्ही४ हे आता लेखी ठरलंय.

खड्डेमास्तर, एक विचारायचं राहिलं. जुने टायर काढायचेच आहेत तर विंटरला वेगळ्या रिम घेऊन टाकतो म्हणतोय. १६ इंची बसतात का?

खड्डेमास्तर

अभिनंदन!! बसतात, २०५/५५ आर१६ घे, साइडवॉल उंच त्यामुळे खड्ड्यालाही बऱ्या. नट पॅटर्न ५ बाय १०० आहे, म्हणजे १०० मिलिमीटरच्या वर्तुळावर पाच नट, जुन्या सुबारू इम्प्रेझाच्या रिम स्वस्तात मिळतात, फक्त मधलं भोक आणि ऑफसेट, म्हणजे रिम किती आत-बाहेर बसते, ते विचारून घे. मियाटावाल्या कुणी दिल्या तर घेऊ नकोस, त्या ४ बाय १०० असतात.

आणि गणपतीत ढोल घेऊन माझ्या शेजारी पार्क कर, दोन ढोल बेल्ट लावून बसलेले फोटो काढू.